नामपूरची बसकी पद्मिनी

गाडीतून घर्र असा आवाज यायला लागला की मालक सगळ्यात आधी शेजारी बसलेल्या बायकोला गप्प करतो. मग काच खाली घेतो, मान बाहेर काढून ऐकतो आणि ‘रस्त्याचा आवाज असेल’ अशी स्वतःची समजूत घालून पुढं जातो. नाशिकचे सगळे रस्ते बदलून पाहिले तरी आवाज तोच, हे कळलं की मग तो माझ्याकडं यायचा. द्वारकेच्या अलीकडं माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढं कडुनिंबाचं झाड आणि झाडाखाली कायम कुणाची तरी अर्धी सोललेली गाडी. मी डेंटर. इंजिनातलं मला फारसं कळत नाही आणि कळतं असं मी कधी कुणाला भासवलंही नाही. माझा संबंध फक्त पत्र्याशी.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. पोचा आला, आतून ठोकला, बाहेर काढला, संपलं. पण पत्रा मोठा मानी असतो. गरजेपेक्षा जास्त ठोकला की तो ताणला जातो, आणि एकदा ताणला की कितीही विनवण्या करा, जागेवर बसत नाही. अंगठ्यानं दाबलं की टुबुक करून आत जातो आणि सोडलं की टुबुक करून बाहेर येतो. म्हणून आम्ही डोळ्यांपेक्षा तळहाताचं जास्त ऐकतो. हात फिरवायचा, पत्रा कुठं दुखतोय ते बघायचं आणि तेवढ्यालाच हातोडी दाखवायची. आमच्या घरी ताटात भाकरी आली तरी माझा हात तिच्यावरून तसाच फिरायचा, यावर बायकोनं माझी आयुष्यभर टर उडवली.

मी सांगतोय तो काळ द्राक्षांना बरा पैसा यायला लागला तेव्हाचा. पिंपळगाव, ओझरकडच्या बागायतदारांची पोरं कॉलेजला नाशिकला यायची, येताना बापाची गाडी घेऊन यायची. कुठल्या तरी परदेशी मासिकात त्यांनी जमिनीला चिकटून पळणाऱ्या गाड्या पाहिलेल्या. मग सुरू झालं बसक्या गाड्यांचं वेड. पुढच्या स्प्रिंगचे वेढे कापायचे, मागचे कमानपाटे, म्हणजे गाडीचा भार तोलणारे लोखंडाचे वाकवलेले पाटे, उतरवून सपाट करायचे आणि गाडी चार बोटं खाली आणायची. शिवाय चाकं रुंद पाहिजेत. रुंद रिम बाजारात मिळायची नाही, म्हणून आहे तीच मधून कापायची, लोखंडाची पट्टी घालायची आणि वेल्डिंग करून लेथवर सरळ करून घ्यायची. त्यावर जाडजूड टायर. दिसायला गाडी झकास दिसायची, हे मी नाकारत नाही. त्यातल्या एका पठ्ठ्याची गाडी त्याच्याच घरापुढच्या चढावर पोट टेकून अडकली. पुढची चाकं अंगणात, मागची रस्त्यावर. बाप ओट्यावर चहा पीत बसला होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि विचारलं, “आता हिला आत घ्यायला बैलं सोडू का?”

पण पोट टेकणं परवडलं. खरा त्रास घासण्याचा. गाडीच्या मडगार्डमध्ये चाकाला फिरायला आणि वरखाली व्हायला जागा सोडलेली असते. गाडी खाली बसवली की वरची जागा कमी होते आणि चाक रुंद केलं की बाजूची. मग खड्ड्यात आपटली की टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागतो, आणि वळताना पुढचं चाक तिरकं झालं की त्याचा कोपरा पत्र्याला खरवडतो. ती आतली कड म्हणजे दुमडलेला पत्रा, सुरीसारखा. टायर रोज थोडा थोडा कापला जातो आणि एक दिवस भर रस्त्यात फुटतो. हे मी त्या पोरांना समजावून सांगायचो. ती मान डोलवायची आणि विचारायची, “पण दिसतीय कशी, ते सांगा की!”

त्यामुळं नामपूरची ती पांढरी पद्मिनी झाडाखाली येऊन उभी राहिली, तेव्हा अंगावरूनच ओळखलं, आणखी एक शौकीन आला. गाडी एकदम खाली बसलेली, चारही चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत होती आणि काचेवर नामपूरच्या कांद्याच्या आडतीचं नाव रंगवलेलं. चालवणारा उतरलाच नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या, पस्तिशीच्या, पांढरी टोपी घातलेल्या माणसानं काच खाली केली.

“मिस्तरी तुम्हीच का?”

“मीच. बोला.”

“गाडी झ्याक शे, पण वळली का घासती.”

“घासंल नाही तर काय करंल?” मी म्हणालो. “कांदे काय जमिनीला टेकून विकता का शेठ, म्हणून एवढी खाली घेतली?”

तो खदाखदा हसला. मग मागचं दार उघडून एक म्हातारी उतरली, तिनं मागच्या सीटवरच्या कुबड्या काढल्या आणि त्याच्या दाराशी आणून धरल्या. त्यानं दोन्ही हातांनी आपला एक पाय उचलून बाहेर ठेवला, मग दुसरा. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्यांचे बूट होते. मला कुठं तोंड लपवावं असं झालं. तो मात्र अजून माझ्या कांद्यांवरच हसत होता.

हे प्रभाकर देवरे. नामपुरात त्यांना सगळे नाना म्हणत, मीही नानाच म्हणायला लागलो. नामपूर म्हणजे कांद्याची मोठी पेठ, आणि तिथं नानांची आडत. लहानपणी पोलिओनं पाय गेले. शाळेत आईनं कडेवर नेलं, मग चुलतभावानं सायकलवर. आडत सुरू केल्यावर रोज कुणाच्या तरी जीपमध्ये, कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. हा गाडी घेऊन आलेला तो चुलतभाऊच. नानांनी गाडी घेतली ती स्वतः चालवायची म्हणून. पुण्याच्या एका कारागिरानं ब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालतील असे दांडे बसवून दिले होते. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशीच असायचा, त्यामुळं तेही जमलं. पडीक शेतात गाडी फिरवून फिरवून नाना पक्के तयार झाले आणि परवान्यासाठी आरटीओच्या मैदानावर गेले. तिथं चुन्यानं आखलेला इंग्रजी आठ असतो, त्यावरून गाडी फिरवून दाखवायची. पहिल्याच वळणाला चाक घासलं. इन्स्पेक्टरनं गाडी थांबवली, वाकून टायर बघितला आणि सांगितलं, “हा टायर फुटला तर गाडी तुम्ही सावरणार कशी? आधी मूळची चाकं घाला, गाडी वर घ्या आणि मग या.”

इन्स्पेक्टरचं काही चुकलं नव्हतं. मीही तेच म्हणालो. “नाना, शौक बाजूला ठेवा. जुनी चाकं असतील ना घरी? उद्या परत बसवून देतो. परवाना मिळेल.”

नानांनी माझ्याकडं बघितलं. “मिस्तरी, तुमच्याकडं दुसरी एखादी पद्मिनी शे का? साधी?”

एका वकिलांची होती, दाराचा पोचा काढायला आलेली.

“तिच्यात पुढं बसा. मांडी घाला. अन् हातानं कशाला धरू नका.”

वेड लागलंय का काय, असं मनात म्हणत मी बसलो. गाडी चालवायला बसले माझे शेजारी उस्मानचाचा. त्यांचं दुकान कमानपाट्यांचं, ट्रकचे पाटे तापवून वाकवून द्यायचं. चाचांनी गाडी काढली आणि सर्कलला जरा जोरात वळवली. मी रेक्झिनच्या सलग सीटवरून घसरत थेट त्यांच्या मांडीवर. दुसऱ्या बाजूला वळवली तर दारावर आपटलो, कान लाल झाला. मांडी घातली की पाय रोवता येत नाहीत, आणि वळणावर माणूस आपल्या पायांच्या जोरावर बसलेला असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. परत आलो तर नाना माझीच वाट बघत होते.

“आता आमच्या गाडीत बसा.”

त्या बसक्या गाडीत तसाच मांडी घालून बसलो. तेच सर्कल, तोच वेग. गाडी घर्र घर्र घासली, पण कलली नाही. मी जागेवरून थोडासा सरकलो, तेवढंच.

“कमरेला खाटेची नवार बांधून बघितली,” नाना सांगत होते. “पण वरचं धड झोके खायचं. हात स्टिअरिंगवर का दारावर? मग मालेगावच्या एका माणसाला म्हटलं, गाडी खाली घे, चाकं रुंद कर, म्हणजे ती झुकणार नाय. त्यानं केलं. आता घासती. तुम्ही म्हणता वर घ्या. वर घेतली तर परवाना मिळंल मिस्तरी, पण मला गाडी चालवता येणार नाय.”

हा माणूस कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता, मासिकं वाचत नव्हता. आपलं अंग गाडीत कसं वागतं हे त्यानं नीट पाहिलं होतं आणि त्यावर इलाज शोधला होता. तेव्हापासून मी त्यांच्या गाडीला शौकाची गाडी म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांना परत मैदानावर बोलावलं होतं. तोवर गाडी खालीच ठेवायची, चाकं रुंदच ठेवायची आणि तरी घासू द्यायची नाही, असं काम माझ्या गळ्यात पडलं. नाना पंचवटीत नातेवाइकांकडं उतरले. रोज सकाळी कुबड्या काढून देणारी ती म्हातारी, म्हणजे त्यांची माय, आणि ते रिक्षानं यायचे आणि कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे.

घासतं कुठं हे कानाला कळतं, पण नेमकं कुठं हे कळायला आमची एक पद्धत होती. पानवाल्याकडून खायचा चुना आणायचा, थोडं पाणी घालून मडगार्डच्या आतून सगळीकडं लावायचा आणि गाडी फिरवून आणायची. टायर काळा, त्याच्यावर जिथं पांढरा ओरखडा उठेल तिथं तो लागतो. मी चुना लावत होतो आणि नाना चहावाल्याला सांगत होते, “बघ, गिऱ्हाइकासमोर चुना लावणारा असा प्रामाणिक मिस्तरी कुठं मिळंल?” त्यांच्या अशा बोलण्यानं शेडमधलं निम्मं काम हसत हसत व्हायचं. दोन दिवसांत चहावाला, रिक्षावाले, समोरचा सायकलवाला सगळे त्यांचे दोस्त झाले आणि कांदा कधी विकावा यावर सल्ले घ्यायला लागले.

चुन्यानं सांगितलं ते असं. मागं गाडी दबली की टायर मडगार्डच्या कडेला लागतो. ते मला जमण्यासारखं होतं. पुढं मात्र पूर्ण वळवली की चाक दोन्हीकडून लागत होतं, बाहेरच्या कोपऱ्यात आणि आतल्या पत्र्यालाही. पुढच्या घासण्यावर सगळीकडं एकच सोपा इलाज करतात. स्टिअरिंग जिथं थांबतं तिथला बोल्ट लांब करायचा, म्हणजे चाक पूर्ण वळतच नाही. पूर्ण वळलं नाही तर घासणार कसं? मी स्वतः पुष्कळ गाड्यांना हे केलेलं आहे. पण कमी वळणारी गाडी मैदानावरच्या त्या आठमध्ये बसेना. आम्ही शेडपुढं तसाच आठ आखून बघितला. बोल्ट लांब केला की गाडी रेषेबाहेर, आखूड केला की घर्र.

माझं डोकं चालेना. मी पत्रा कापायचं बोलायला लागलो तेव्हा चाचा त्यांच्या भट्टीवरून उठून आले. चाचा कमी बोलायचे. त्यांनी चाकासमोर उकिडवं बसून नानांना स्टिअरिंग एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवायला लावलं. बराच वेळ नुसतं बघितलं.

“सुखदेव, ये चाक वळत नाही, झाडू मारतंय,” ते मला म्हणाले.

मग त्यांनी बोटानं दाखवलं. मालेगाववाल्यानं रिम रुंद करताना सगळीच्या सगळी पट्टी बाहेरच्या अंगाला घातली होती. चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्यापासून टायर लांब गेला होता. जवळ असता तर जागच्या जागी वळला असता, लांब असल्यामुळं मोठा फेरा घेत होता आणि त्या फेऱ्यात पत्र्याला गाठत होता. “पट्टी निम्मी आत घाल, निम्मी बाहेर. आणि पुढची जरा कमी रुंद कर. झोका मागच्या चाकांनी धरला तरी चालतो.” एवढं बोलून ते परत भट्टीवर गेले. मी तिथंच चाकाकडं बघत उभा राहिलो. इतके दिवस मी मडगार्ड बघत होतो, चाचांनी चाक बघितलं.

पुढच्या दोन्ही रिम परत कापल्या, पट्टी अर्धी अर्धी केली, लेथवर फिरवून घेतल्या. मागच्या मडगार्डचं काम माझं. कड कापता येते, पण कापलेला पत्रा गंजतो आणि त्याची धारही राहते. मला ती कड आत वळवून चपटी बसवायची होती, वरचा रंग न तडकता. त्यासाठी लोखंडी पाइपाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, तो पाइप टायर आणि कड यांच्यामध्ये धरायचा, रंग स्टोव्हच्या ज्योतीनं जरा कोमट करायचा आणि गाडी हळूहळू पुढं ढकलायची. टायरच पाइपाला लाटण्यासारखं फिरवतो आणि पाइप कडेला आत दाबत जातो. घाई केली की रंग गेलाच. चहावाला आणि रिक्षावाले गाडी ढकलायला, मी पाइपावर, आणि नाना खुर्चीतून हुकूम देणार, “हळू रे, पोळी फाटंल!” पोळी फाटली नाही. कड अशी बसली की हात फिरवून मलाच बरं वाटलं.

आता ओझं लादून बघायचं राहिलं. रिकामी गाडी घासली नाही यात काही विशेष नसतं. आपल्याकडं गाडी रिकामी जातेच कुठं? गाडी निघाली असं कळलं की गल्लीतला जो तो कुठं तरी जायला तयार असतो. मायनंही सांगून ठेवलं होतं, परवाना मिळाला की अख्खं घर सप्तशृंगीला जाणार. म्हणून नानांनी विंचूरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून कांद्याच्या गोण्या मागवल्या. डिकीत आणि मागच्या सीटवर भरल्या, चुना लावला, आणि चुलतभावानं गाडी गंगापूर रोडला नेली. तेव्हा त्या रस्त्याला बंगले तुरळक आणि मळे जास्त. पार सोमेश्वरापर्यंत जाऊन आलो. टायर कोरे काळे, एक ओरखडा नाही. मी तर पेढे आणायच्या गोष्टी करायला लागलो.

चाचा म्हणाले, “गोणीला बसवलं, माणसाला बसव.”

मग चहावाला, सायकलवाला आणि दोन रिक्षावाले मागं कोंबले. पहिल्याच वळणाला मागं घर्र! गोणी जिथं ठेवली तिथं गप्प बसते. माणसं वळणावर एकमेकांच्या अंगावर रेलतात, सगळा भार एका चाकावर येतो. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही सगळे कांद्याच्या मुलखातले, त्यामुळं ओझं म्हटलं की डोळ्यांपुढं गोणीच आली. नानांनी कपाळावर हात मारला आणि मग सगळ्यात मोठ्यानं तेच हसले.

इलाज परत चाचांकडं. जास्तीचा पाटा घातला तर गाडी वर उचलली जाणार, न घालावा तर घासणार. चाचांनी एक आखूड पाटा घेतला आणि तो उलट्या बाकानं असा बसवला, की गाडी हलकी असताना तो मोकळाच राहील, कुणाला टेकणार नाही. मागं माणसं बसून गाडी दबली की मगच तो इतर पाट्यांना भिडेल आणि भार घेईल. ऐकायला सोपं आहे. पण तो पाटा तापवून लाल कधी झाला, तेलात कधी बुडवायचा, परत किती ऊब द्यायची, हे सगळं चाचा नुसत्या रंगावरून ठरवत. आम्ही त्याला पाणी देणं म्हणतो. जास्त झालं तर पाटा काचेसारखा मोडतो, कमी झालं तर भाजीच्या देठासारखा वाकतो. त्या दिवशी चाचांनी तो पाटा दोनदा केला, कारण पहिल्या खेपेचा त्यांना पसंत पडला नाही. मला दोन्ही सारखेच दिसत होते. पुढं मी मोठमोठ्या कारखान्यांत तयार झालेले पाटे बघितले, पण त्या पाट्यासारखा नेमका वेळेवर कामाला लागणारा पाटा मी बघितला नाही.

पुन्हा माणसं कोंबली. चुना जसाच्या तसा, टायर काळे. आवाज नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मैदानावर जायच्या आदल्या दिवशी नाना सकाळीच आले, चेहरा पडलेला. गाडी पंचवटीत नेऊन ठेवली होती, आणि मागून डाव्या बाजूला खस्स खस्स असा आवाज येत होता. मी लगेच चाक काढलं, कड बघितली, पाटा बघितला, चुना लावून फिरवली. टायरवर ओरखडा नाही, पण आवाज आहे. चाचा खाली झोपून बघायला गेले आणि हातात एक जुनं खेटर घेऊन बाहेर आले. काळ्या दोऱ्यानं बंपरच्या आतून बांधलं होतं आणि लोंबून टायरला लागत होतं.

सगळ्यांनी मायकडं बघितलं. ती कडुनिंबाकडं तोंड करून उभी होती.

“माय, हाई काय शे?” नानांनी विचारलं.

“मन्हा आंडोरनी गाडी शे,” लेकाकडं न बघताच ती म्हणाली, “नजर लागू नही म्हनीसन बांधं. तू हसशी, म्हनीसन आतून बांधं.”

नाना हसले नाहीत. चाचांनी ते खेटर मलाच दिलं आणि मी ते पुढच्या बंपरच्या मधोमध, चाकापासून लांब, पक्कं बांधून दिलं. मायनं गाठ ओढून बघितली आणि मान हलवली.

मैदानावर तेच इन्स्पेक्टर होते. त्यांनी आधी गाडी रिकामी फिरवायला लावली. नाना आठमध्ये शिरले तेव्हा मी रेषेच्या इतका जवळ उभा होतो, की शिपायानं मला मागं ओढलं. एक फेरा डावीकडून, एक उजवीकडून. स्टिअरिंग पूर्ण वळलं, चाक आपल्या जागी वळलं, आणि नाना सीटवर ताठ बसलेले. आवाज नाही. मग इन्स्पेक्टर म्हणाले, “मागं माणसं बसवा,” आणि स्वतः पुढं बसले. मी, माय, चुलतभाऊ आणि चाचा मागं दाटीवाटीनं बसलो. वळणावर मी जीव मुठीत धरून खालचा कानोसा घेत होतो. मधे एकदा पाटा भिडल्याचं अंगाला जाणवलं. चाचांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, बस्स.

इन्स्पेक्टर उतरले, चारही टायरवरून त्यांनी हात फिरवला, आणि नानांना म्हणाले, “देवरे, मागच्या वेळी तुम्हाला घरी पाठवलं याचं मला वाईट वाटलं होतं. आज बरं वाटलं. सावकाश चालवा.” आणि त्यांनी नानांशी हात मिळवला.

मग आम्ही सगळे परत गाडीत शिरलो. आता मिसळ खायची, पेढे घ्यायचे, काळारामाला जायचं, असा एकच कालवा सुरू झाला. नाना गाडी सुरू करेनात. आरशातून आमच्याकडं बघत नुसते बसून होते.

“सगळ्यांनी उतरा,” ते म्हणाले.

आम्हाला वाटलं काहीतरी बिघडलं. मी चटकन उतरून चाकाशी वाकलोही. चाचा उतरले, चुलतभाऊ उतरला. माय आतच होती.

“माय, तू बी उतर. मी एकलाच जास.”

“काबर रे?” ती घाबरलीच. “कोठे?”

“आजपावत मी कोठेच एकला गऊ नही, माय.”

पस्तिशीचा माणूस, त्याची आडत, त्याच्या हाताखाली माणसं, आणि आजवर एकदाही तो कुणी बरोबर असल्याशिवाय कुठं गेला नव्हता. आम्ही महिनाभर जीव तोडून भरलेल्या गाडीची काळजी वाहिली होती, आणि या माणसाला रिकामी गाडी पाहिजे होती. माय सावकाश उतरली. तिनं दार लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं आणि दोन पावलं मागं सरकली. नानांनी कुबड्या मागच्या सीटवर नीट आडव्या ठेवल्या, दांडा दाबला आणि गाडी फाटकातून बाहेर वळवली. माझे कान सवयीनं टायरकडं होते. काही ऐकू आलं नाही.

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. बराच वेळ झाला. चुलतभाऊ दर दोन मिनिटांनी रस्त्यावर जाऊन बघून यायचा. टायर फुटला असेल का, पाटा निसटला असेल का, सगळे वाईट विचार माझ्या मनात येऊन गेले. चाचा बिडी ओढत होते, पण ती विझली होती हे त्यांच्या लक्षात नव्हतं. माय एकटीच रस्त्याकडं तोंड करून उभी होती, कुणी बस म्हटलं तरी बसली नाही.

ऊन चांगलंच चढल्यावर पांढरी पद्मिनी आली. तशीच जमिनीलगत, न झुकता, फाटकातून आत वळली आणि मायच्या पुढ्यात थांबली. नानांचा शर्ट घामानं भिजला होता. टोपी मागं सरकली होती. आणि चेहऱ्यावर असं काही होतं, की मी नजर काढून घेतली.

“कोठे गयथा रे?” मायनं विचारलं.

नानांनी तिच्याकडं बघितलं आणि हसले. “नही सांगस,” म्हणाले.

“नको सांगू,” ती म्हणाली, आणि पदरानं गाडीच्या काचेवरची धूळ पुसायला लागली.